माझ्या सासऱ्यांचा खुबा

माझ्या सासऱ्यांइतका हळू धावणारा माणूस सबंध सिंधुदुर्गात दुसरा नसेल, आणि आपल्या धावण्याचा त्यांच्याइतका अभिमान असलेला माणूस तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई चालता चालता त्यांना मागे टाकून जाते, आणि तिला ते पाठीमागून "सावकाश गो, पडशीत!" असं मोठ्या मायेने बजावतात. पिल्लांना घेऊन निघालेली कोंबडी त्यांच्या पुढून रस्ता ओलांडते, तेव्हा तिला आपला संसार आवरून घेण्याइतका वेळ मिळतो. पण जवळच्या कट्टा गावच्या बाजारात कुणी नुसतं "काय, फिराक बाहेर पडलास?" असं विचारलं, की ते जागच्या जागी पाय आपटत थांबतात आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगतात, "फिराक नाय. धावाक." हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी ते दोन दिवस बोलत नाहीत.

खरं तर त्यांचा सगळा जन्म बसण्यात गेला. ते एस.टी.चे ड्रायव्हर. घाटात, पावसात, गणपतीच्या गर्दीत ते आपल्या सीटवर बसून राहिले आणि लोक त्यांच्या गाडीमागे धावत राहिले. निवृत्त झाल्यावर घरी आले ते जाहीर करूनच, "जल्मभर बसान काढलंय. आता बसूचा नाय." आणि त्यांनी ते अक्षरशः खरं केलं. जेवणाखेरीज ते कुठे टेकत नसत. पेपर उभ्याने वाचायचे, भाजी उभ्याने निवडायचे, टीव्हीही उभ्यानेच बघायचे, आणि तोही बरोबर मध्ये उभे राहून, त्यामुळे आम्ही बाकीच्यांनी कित्येक मालिका त्यांच्या कोपराच्या आणि कमरेच्या मधल्या त्रिकोणातून पाहिल्या. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा एका सकाळी त्यांनी आपली जुनी खाकी पँट गुडघ्याच्या वर कापून घेतली, डोक्याला टॉवेल बांधला आणि ते धावायला लागले. सासूबाईंनी पँट कापून दिली खरी, पण पुढचे कितीतरी दिवस त्या विहिरीवर बायकांच्या घोळक्यात गेल्या नाहीत.

आमच्या गावात विनाकारण कुणी धावत नाही. बैल सुटला, आग लागली, साप निघाला किंवा कुणी गेलं तरच माणूस धावतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना धावताना बघून काजूच्या बागेतली चार माणसं हातातलं काम टाकून त्यांच्या मागे निघाली. एकाच्या हातात कोयता, एकाच्या हातात रिकामी बादली. "खंय रे, खंय?" असं त्यांनी मागून विचारलं. सासऱ्यांना दम लागलेला, बोलवेना, म्हणून त्यांनी नुसता पुढे हात केला. मग चौघंही जिवाच्या आकांताने कट्ट्यापर्यंत धावले. तिथे चहाच्या टपरीपाशी सासरे थांबले, पाणी प्यायले आणि मागे वळून म्हणाले, "तुमी खंय चललास रे?" कोयतेवाला धापा टाकत म्हणाला, "खंय आसा तां?" "काय?" "जां काय आसा तां!" त्या दिवशी त्या चौघांना चहा पाजावा लागला, आणि तेव्हापासून गावात कुणी धावताना दिसलं तर लोक आधी ते आमचे सासरे नाहीत ना, एवढं बघून घेतात.

धावण्यातही त्यांचं ड्रायव्हरपण सुटलं नव्हतं. वळण आलं की ते हात बाहेर काढून इशारा द्यायचे. समोरून कुणी आलं तर डाव्या अंगाने निघायचे. वाटेत ओळखीचं माणूस भेटलं तर थांबायचे, पण पाय थांबवायचे नाहीत. जागच्या जागी उड्या मारत ते सगळ्या गावाची विचारपूस करायचे. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचा मुलगा कुवेतहून कधी येतो, कुणाच्या काजूला यंदा किती बोंडं आली. एकदा दोन चुलतभावांचा हद्दीच्या दगडी गडग्यावरून वाद पेटला होता. सासरे तिथून धावत जात होते, ते मध्यस्थीला उभे राहिले. उभे म्हणजे खालीवर, खालीवर. दोन्ही भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत होते, त्यामुळे दोघांच्याही माना खालीवर व्हायला लागल्या. थोड्या वेळाने एकाला गरगरलं आणि तो म्हणाला, "तू म्हणतंस तसा होवंदे, पण तू आता जा." तो गडगा आजही तिथेच आहे, आणि भाऊ बोलतात.

अशी काही वर्षं गेली आणि मग तो खुबा आला.

पहिल्यांदा लक्षात आलं ते माझ्या. मी कऱ्हाडकडची, लग्न होऊन इथे आले, कट्ट्याच्या शाळेत शिकवते. सकाळी डबा भरताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बुटांचा आवाज ऐकायची मला सवय. तो आवाज बदलला. एक पाऊल नेहमीसारखं आणि दुसरं घाईघाईने उरकलेलं. बाहेर येऊन पाहिलं, तर एका बाजूचा स्प्रिंगचा पाटा गेलेल्या गाडीसारखे ते उजवीकडे कललेले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही वाकडे धावताय." ते म्हणाले, "मी सरळ आसंय. रस्तोच कलतो आसा." आता रस्ता कलता असेल तर परत येताना माणसाने दुसऱ्या बाजूला कलायला हवं. पण ते येतानाही उजवीकडेच कललेले होते. हे दाखवून दिल्यावर त्यांनी रस्ता बदलला. सगळ्या पंचक्रोशीतले रस्ते कलते निघाले.

मग एक दिवस ते पायरीवर बसलेले दिसले. बसलेले! एक बूट पायात, दुसरा समोर, आणि त्या बुटाकडे ते असे बघत होते की जणू तो रत्नागिरीला आहे. मी जवळ गेले. तेव्हा हळूच म्हणाले, "खुब्यात दुखतां गो. वाकाक होणा नाय." ते हळू बोलले, पण आमच्या सासूबाईंचे कान घारीच्या डोळ्यांसारखे. त्या आतूनच कडाडल्या, "काल बोंबलून सांगी होतंय, इतके खुबे खाव नकात म्हणान!"

इथे सांगायला हवं, की मालवणी मुलखात खुबे म्हणजे खाडीतले शिंपलेसुद्धा. सासूबाईंचं माहेर वालावलचं, आणि आदल्याच दिवशी त्यांच्या भावाने तिथल्या खाडीतले पिशवीभर खुबे पाठवले होते. सासऱ्यांनी ते एकट्याने संपवले होते. त्यामुळे सासूबाई ओवा आणि गरम पाणी घेऊनच बाहेर आल्या. "ह्यां काय?" "ओवो. पोटात दुखता मा?" "पोटात खंय? खुब्यात!" "तांच सांगतंय. खुबेच ते. बाधले." "अगो, खुबो! हाडाचो!" "हाडां खाल्लास?" शेवटी सासरे उठले, त्यांनी उजव्या कमरेखाली हात ठेवून दाखवलं, आणि सासूबाई दाखवलेल्या जागेकडे बघून म्हणाल्या, "थयसर खुबे जातले कशे?" तरी ओवा त्यांनी खायला लावलाच.

त्यानंतर आमच्या घराचा दवाखाना झाला. कोकणात दुखण्याची बातमी मोबाईलपेक्षा लवकर पोचते, आणि येणारा प्रत्येक जण औषध घेऊनच येतो. कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी मिठाची पुरचुंडी शेकायला सांगितली, मालवणच्या एका काकींनी माशाच्या तेलाची बाटली पाठवली. ते तेल चोळल्यावर खुबा काही बरा झाला नाही, पण गावातली मांजरं त्यांच्यामागे भक्तिभावाने चालायला लागली. कुणीतरी म्हणालं, उलटं धावा, म्हणजे उलटा गेलेला सांधा सुलट होईल. तेही त्यांनी केलं. उलटे धावत ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेले. बाहेर येताना चिखलाने माखलेल्या अंगाने त्यांनी मला सांगितलं, "आरसो व्हयो होतो गो बाजूक."

सगळे उपाय हरले तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. गाऱ्हाणं घालायला सासऱ्यांचे जुने मित्र उभे राहिले. नारळ ठेवला, हात जोडले आणि त्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या पायाशी इलां आसा. तेचो जो काय उजवो खुबो दुखतासा, तो बरो कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेच्या वाटेतले जे काय खड्डे, जी काय कुत्री, ती बाजूक सार रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि तेका ही जी काय धावण्याची बुद्धी झाली हा..." इथे मित्र दम घ्यायला थांबले, आणि तेवढ्यात मागून सासूबाईंनी खणखणीत आवाज लावला, "ती काढून घे रे म्हाराजा!" आणि सगळे सवयीने एका सुरात गरजले, "व्हय म्हाराजा!"

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. "रद्द करा!" ते ओरडले. "तां शेवटचां रद्द करा!" मित्र म्हणाले, असं रद्द करता येत नाही, सगळ्यांनी हो म्हटलंय. मग पुन्हा नवा नारळ आणला गेला आणि त्या खास कलमापुरतं वेगळं गाऱ्हाणं घातलं गेलं. दोन्ही मागण्या देवाने नुसत्या ऐकून घेतल्या असणार, कारण खुबा होता तिथेच राहिला आणि धावायची इच्छाही.

अखेर मी त्यांना मालवणला डॉक्टरांकडे नेलं. बरोबर सासूबाई होत्याच. डॉक्टर म्हणजे तरुण, हसरी मुलगी. ऑफिसात किंवा दवाखान्यात शिरलं की सासरे एकदम पुस्तकी मराठी बोलतात. खुर्चीत बसताच म्हणाले, "माझा उजवा खुबा दुखत आहे, असे माझ्या निदर्शनास आलेले आहे." तिने पाय हलवून, वाकवून, दाबून पाहिला. फोटो काढला. मग म्हणाली, "आजोबा, सांधा थोडा झिजलाय, पण तो वयाने झिजणारच. खरी अडचण खुब्याभोवतीच्या स्नायूंची आहे. ते फार अशक्त आहेत. आयुष्यभर बसून काम केलंत का?" सासऱ्यांनी मान हलवली. "आणि मग एकदम धावायला लागलात. त्यांना बिचाऱ्यांना काही कळलंच नाही. आता काही महिने धावणं पूर्ण बंद. मी व्यायाम देते, ते रोज करायचे. नाही केलेत तर पुढे शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल."

मग तिने स्वतः बाकावर आडवं होऊन दाखवलं. एका कुशीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, टाचा एकमेकींना जुळवून ठेवायच्या आणि वरचा गुडघा हळूहळू उघडायचा, हळूहळू मिटायचा. "शिंपला कसा उघडतो, अगदी तसा," ती म्हणाली.

कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई ताडकन उठल्या. "बघा! मी पयल्या दिसापासून काय सांगतंय? खुबेच ते!"

घरी आल्यावर सासरे पडवीत गेले, रस्त्याकडे तोंड करून खुर्ची ओढली आणि बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशीही. व्यायाम करेनात, पेपर उघडेनात, वाटेने जाणाऱ्याला हाक मारेनात. टीव्हीसमोरची जागा मोकळी झाली आणि आम्हाला सगळी मालिका नीट दिसायला लागली, पण ती कुणी बघेना. सासूबाईंनी दोनदा मुद्दाम भांडण उकरून काढलं. तेही वाया गेलं.

एका सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "माझो बापूस हयसरच बसायचो. ह्याच जागेर." मला हे माहीत नव्हतं. त्यांचे वडील गडग्यावरून घसरून पडले होते, खुबा मोडला होता. तेव्हा इथे कसलं ऑपरेशन! ते पडवीत बसले ते पुन्हा उठले नाहीत. "माझी गाडी हयसून जायची. वळणार इलंय काय मी हॉर्न मारायचंय. तो हात वर करायचो. गाडयेतल्या सगळ्यांका ठावक. एक दिस नवो कंडक्टर होतो. तेका वाटला, म्हातारो गाडी थांबवता. तेणी घंटी मारल्यान. मी गाडी थांबवलंय, घराच्या दारात. सगळी माणसां माझ्या बापाशीकडे बघतत, नि तो माझ्याकडे. मगे तो हसलो. म्हणालो, 'माका खंय जाऊचा आसा रे? जावा तुमी.'"

चहा निवत होता. ते म्हणाले, "मगे मी गाडी फुडे काढलंय. टायमाची गाडी. काय करतलंय?" आणि मग, अगदी लहान आवाजात, "माका तसा बसूचा नाय गो."

इतकी वर्षं त्यांच्या धावण्याला आम्ही सगळे हसलो होतो, आणि ते हसणं त्यांनीही मजेत घेतलं होतं. ते कशापासून धावत होते, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मग व्यायाम करूया." "तो खुब्याचो? लोकांसमोर?" "मी करते तुमच्याबरोबर. दोघं करू."

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या पडवीत दोन चटया पडल्या. एका चटईवर सासरे, दुसऱ्या चटईवर सून, दोघं एका कुशीवर, आणि दाराच्या चौकटीत खोबरं किसत बसलेल्या सासूबाई हुकूम सोडतायत, "उघड... मीट... उघड... नीट उघडा हो, मेलेलो खुबो उघडणा नाय, तो टाकून देतत!" पहिल्या आठवड्यात बघायला निम्मं गाव येऊन गेलं. दुसऱ्या आठवड्यात गुडघे दुखणाऱ्या दोघीतिघी स्वतःच्या चटया घेऊन आल्या.

पण सासऱ्यांना रस्त्याची काळजी लागून राहिली होती. आपण गेलो नाही तर रस्त्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी मला आपल्या वतीने धावायला पाठवलं. मी शाळेत असतानासुद्धा कधी धावले नव्हते. पहिल्या दिवशी मोठ्या आंब्यापर्यंत गेले आणि जीव मुठीत धरून परतले. ते फाटकात उभेच होते. "वळणार हात दाखवलंस?" "दाखवला." "कोण कोण भेटला?" "कुणी नाही बाबा. मला काही दिसतच नव्हतं." ते फार नाराज झाले. "मगे तू धावाक गेलंस काय जीव देवक?" दुसऱ्या दिवसापासून मी माणसं बघत धावायला शिकले. त्याने वेग कमी झाला, पण दम टिकला.

पावसाळा सरला, भात कापून झालं, आणि एक दिवस डॉक्टरबाईंनी त्यांना थोडं चालत, थोडं धावत जायची परवानगी दिली. त्या सकाळी ते नवरदेवासारखे तयार झाले. जरा धावले, जरा चालले, पुन्हा जरा धावले. कलले नाहीत. सासूबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "देवान माझा गाऱ्हाणा ऐकल्यान नाय ता बरा झाला."

त्याच हिवाळ्यात मालवणला समुद्राच्या कडेने धावण्याची शर्यत होती. लांबच्या शर्यतीत उतरायला डॉक्टरांनी त्यांना साफ नकार दिला. त्यांनी पुस्तकी मराठीत बराच वाद घातला, पण ती मुलगी हसत राहिली आणि हरले ते. मग मी एकटी धावले. माझ्या पुढचे सगळे केव्हाच निघून गेले होते. बंदराजवळच्या वळणावर, जिथे जाळी वाळत घालतात, तिथे सासरे उभे होते. मला बघताच रस्त्यावर उतरले आणि शेजारून धावायला लागले. "बाजूक व्हा, बाजूक! माझी सून इली!" रस्त्यावर बाजूला व्हायला कुणीही नव्हतं. मासळी विकायला बसलेल्या बायका हसल्या, एकीने टोपली थोडी मागे घेतली, तेवढाच काय तो मान. आम्ही मासळीबाजाराच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर गेलो. मग त्यांचा हात कमरेवर गेला. पाय हळूहळू थांबले. "तू जा," ते म्हणाले. "मागे बघू नको." मी बघितलंच. एका स्कूटरचा आरसा धरून ते एक पाय मागे नेत होते, डॉक्टरांनी शिकवला होता तस्सा, आणि स्कूटरवाल्याला त्याचं कारण समजावून सांगत होते.

आता ते थोडंसंच धावतात. व्हाळावरच्या साकवापर्यंत. खुब्याने तेवढ्यावर तडजोड केली आहे आणि त्यांनीही. साकव आला की ते मला म्हणतात, "जा तू फुडे, माका हयसर जरा काम आसा." काम काही नसतं. मी पुढे जाऊन येते तोवर ते कठड्याला हात टेकून व्हाळाचं पाणी बघत उभे असतात. बसत नाहीत. मग आम्ही दोघं चालत घरी येतो आणि ते विचारतात, "कोण कोण भेटला?" मी सांगते. कुणाची म्हैस व्याली, कोण मुंबईहून आलं, कुणाच्या आंब्याला मोहोर दिसतो. ते ऐकत राहतात, मध्येच एखाद्याचं नाव घेऊन "तो आता वाकलो आसा काय गो, की सरळ चालता?" असं काहीतरी विचारतात. कधी कधी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या दिवशी मी माझ्या मनानेच दोघातिघांना भेटते, त्यांच्याशी चार शब्द बोलते, आणि त्यांनी बाबांना नमस्कार सांगितलाय असंही सांगून टाकते.